अण्णांचं मशीन

प्रिय अण्णा,

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, पण आजची बातमी आधी तुम्हालाच सांगायची आहे.

दवाखान्यात तुमच्या रक्तवाहिनीत कॅथेटरची बारीक नळी होती. तुम्ही खोकलात की तिच्या टोकाचा सेन्सर चुकायचा, रक्तदाब घसरल्याचा गजर व्हायचा आणि नर्स धावत यायची. तुम्ही हसून म्हणायचात, "दीपे, माझ्यापरास ह्ये मशीनच जास्त आजारी हाय." शेवटी शेवटी खरा गजर कोणता, हेच कुणाला कळेनासं झालं.

महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत असेच सेन्सर बनतात; तिथे खोकल्याने बिघडलेली मोजमापं कचरा म्हणून काढून टाकायचे. मी ती ठेवायला लावली. खोकला, उचकी, कूस बदलणं, सगळं दाखवून आम्ही कॉम्प्युटरला खरी घसरण ओळखायला शिकवलं.

आज शेवटची चाचणी होती. सुरुवातीला माझ्या हाताखालच्या गणराजने नारळ फोडला, तोही चाचणीच्याच टेबलावर! कृत्रिम रक्तवाहिनीत घातलेल्या नळीसकट टेबल हादरलं.

"अरे गाढवा!" माझी सहकारी मोनिका ओरडली.

मी पडद्याकडे पाहिलं. पण दाबाचा आकडा जागचा हलला नाही. मग आम्ही कृत्रिम रक्तवाहिनीतला दाब खरोखर कमी केला, आणि गजर लगेच वाजला. सगळे टाळ्या वाजवत उठले.

"मॅडम, आता रोज इथंच फोडू का?" गणराज म्हणाला.

मी सगळ्यांना खोबरं वाटलं. तुमचा वाटा रुमालात बांधून मोशीला घरी आणला आहे.

अण्णा, तुमचं मशीन बरं झालं.

तुमची,
दीपमाला