चुलीजवळचा गडवा

कोंढा, बुधवार, संध्याकाळ

मालिका संपली, पण गायब झालेल्या बाईचं काय झालं ते सांगितलंच नाही. असा राग आला! व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्या म्हणतात, नवऱ्यानंच मारलं. मी तिच्या दिरावर अडून बसले. सासूबाई मालिका पाहताना नुसत्या शेंगा सोलतात. आज एकदम म्हणाल्या, "थे बाई मेलीच नाई. लपून घरी येते. चुलीजवळचा गडवा पाय."

मोबाईलवर तो भाग पुन्हा लावला. पोलीस महिनाभर बंद असलेलं घर उघडतात, आणि चुलीजवळ पाण्याचा पितळी गडवा. लखलखीत! मला कसा दिसला नाही?

"बंद घरात घासल्याबिगर पितळ काळं पडते," सासूबाई म्हणाल्या. "तू माहेरी गेल्ती तवा आपला नोता पडला काय?"

पडला होता. आठच दिवसांत. परत आल्यावर चिंच लावून घासताना मी मनातल्या मनात किती बोलले होते त्यांना! आज विचारलंच, "मंग तुमी काहून नाई घासला, आई?"

"कोनासाठी घासू? तू तं नोती," म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

बाई जिवंत आहे, एवढं ग्रुपवर टाकलं. आमच्या गडव्याचं उत्तर फक्त इथे लिहिते.