फुलीवाली बाई आणि माझा अंगठा

शुक्रवार, १२ मार्च १९९९, करामा

नेहा, ही आजी सांगते तसंच माझ्या डायरीत लिही. तुझ्या बाबाचा अमेरिकन साहेब जेवायला आला होता. तीनशे वर्षांपूर्वीचं खानदान कोर्टाच्या नि जमिनीच्या कागदांत शोधतोय. सापडलं काय, तर शेजाऱ्याचा बांध कोरणारा पूर्वज. त्याचीच मिरवणूक. त्या पूर्वजाच्या बायकोची कागदावर सहीऐवजी नुसती फुली. पण जमीन विकताना कोर्टाने तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारलं होतं, "राजीखुशीने ना?"

आणि माझा भाऊ? वडिलांच्या शेतातला वाटा सोडायचा कागद पाठवलाय, सोबत शाईचं पॅड. काय ती काळजी. फोनवर म्हणतो, "ताई, नुसता अंगठा लाव."

फुलीवालीला विचारलं तरी. आज मीच मला बाजूला नेऊन विचारलं. राजीखुशी नाही. खलास. पॅड तू घे गं, चित्रं काढायला.