मागच्या दारची रानमोडी

आये, मागच्या दारची थोरली रानमोडी मी तोडली. आख्खं झुडूप, बुडापासून. तू नको म्हणालेलीस ते आठवत होतं, तरी तोडली. गेल्या फाल्गुनात लेक तान्ह्या पोरीला घेऊन कायमची घरी आली. म्हटलं मागचं अंगण मोकळं पाहिजे, साप-किरडू नको. कोयता घेतला नि दुपारपर्यंत साफ. तुझ्यासारखं वर्षानुवर्षं नुसतं छाटत बसायचा धीर माझ्यात नाही.

मी दहा-बारा वर्षांची असेन, शाळा सुटलेली. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजायला राब लागतो, त्यासाठी आपण फांद्या जमवायचो. रानमोडी तू दिवाळीच्या आधीच, फुलायच्या आत छाटायचीस. एकदा मी वैतागून मुळावरच कोयता उचलला, तर तू मनगट असं धरलंस की बांगडी फुटली. मग फांद्या बाजूला सारून दाखवलंस. खाली अंधारात बोटाएवढी पिवळट रोपं, दोन-दोन पानांची, मोजता येणार नाहीत इतकी. "ह्या हिच्याच पोरी. हीच त्यांना वर येऊ देत नाय. ही हाय तवर त्या गप हायत. हिला मारलीस तर त्यांना कोन आवरनार?" मला तेव्हा रोपांचं काहीच वाटलं नाही. तुझा राग आला. मलाही तू असंच दाबून ठेवलंयस, असं वाटलं.

गेल्या पावसात त्या पोरी उठल्या, आये. एकीच्या उरावर दुसरी, उन्हासाठी नुसती ढकलाढकली. थोरलीच्या खोडालाही धुमारे फुटले, पण पोरींनी तिला डोकं वर काढू दिलं नाही. दाटीत सगळ्या काठीसारख्या उंच नि बारीक झाल्या, फुलल्या, बी उडालं आख्ख्या शेतात. आता वाळून कडकडीत झाल्यात नि चुलीच्या खोलीच्या खिडकीला टेकल्यात. खिडकीच्या आत गॅसची टाकी.

परवा सकाळी बाजूच्या शेतात चुलत भावाने राब पेटवला. लेक गोखिवऱ्याला कारखान्याच्या गाळ्यात कामावर गेलेली, नात झोळीत. मी भांडी घासतेय तर मागे तडतड आवाज. बघते तर कडेची रानमोडी पेटलेली, खिडकीपासून चार हातांवर. आधी पोरीला उचलू की पाणी मारू, मला सुचेना. पोर रडली तेव्हा भानावर आले, तिला पुढच्या अंगणात टाकलं, ओला गोणपाट घेऊन झोडत सुटले. भाऊ धावत आला. विझल्यावर म्हणतो, "बाय, वारा नव्हता गं!"

"वारा काय तुला विचारून येनार?"

"मग थोरली कशाला तोडलीस? तेव्हाच बोललो होतो ना मी?"

हे त्याने संध्याकाळी लेकीसमोर पुन्हा काढलं. ती माझ्याकडे बघायला लागली. "आई, ती तोडायला कोणी सांगितलं होतं तुला?"

"तुझ्या आजीने," मी म्हटलं. "मरायच्या आधी बोललेली, तोडून टाक म्हणून."

खरं सांगितलं असतं तर पोर माझ्यावर टाकून ती कामाला गेली नसती. तुळिंजला वेगळी खोली बघते, असं आधीच दोनदा बोलून झालंय तिचं.

आता रोज उठून उपटते. एक ओढली की खाली आणखी दहा, तशीच पिवळट, उन्हाची वाट बघत. जमीन दगड झालीय, निम्म्यांचं मूळ आतच तुटतं. आजूबाजूचे राब अजून भाजायचेत. कुठे धूर दिसला की नातीला कडेवर घेऊन पुढच्या अंगणात उभी राहते, धूर बसेपर्यंत.

हा कागद घरात ठेवता येणार नाही, लेकीला वाचता येतं. काल उपटताना तिच्या हाताची सालटी निघाली. म्हणाली, "आजीला काही अक्कलच नव्हती."

मी हो म्हटलं, आये.