लायब्ररी काढण्याचा आठवडा

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी
टीम लीडची खुर्ची रिकामी आहे. साहेब शुक्रवारी नाव ठरवणार. मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं, आपल्या हजेरी-रजेच्या प्रोग्रॅमला टेस्टिंग लायब्ररी हवी, म्हणजे चुका शोधणारा तयार कोड, मी बसवतो. एका ओळीचं काम आहे. मेव्हण्याने विचारलं, भावोजी, आधी जुन्या मशीनवर करून बघू या का? (हिचा भाऊ. माझ्याच शिफारशीने लागला. अजून भित्रा आहे.)

दुपारी
नेटवरून ओळ उचलली, काळ्या खिडकीत चिकटवली, एंटर. भराभर अक्षरं धावली. बघायला तीन जण उभे होते. मी मुद्दाम मागे टेकून बसलो.
रोज सकाळी निकाल आपोआप सगळ्यांना मेलने जाईल अशी सोयही केली. साहेबांनाही. लोकांना आपल्या चुका कळायला हव्यात.

५ ऑगस्ट, मंगळवार
निकाल आला. मेव्हण्याचा भाग हिरवा. मी लिहिलेला रजेचा हिशेब वरपासून खालपर्यंत लाल. लायब्ररी म्हणते, कोणी अर्धी रजा घेतली की प्रोग्रॅम पूर्ण कापतो.
लायब्ररी सदोष आहे.
म्हणजे कापतो, हे खरं. वर्षभर लोक तक्रार करायचे तेव्हा मी सांगायचो, नियमच तसा आहे. सांगून सांगून मलाही तसंच वाटायला लागलं होतं.
साहेब मेल उघडत नाहीत. सर्वांना माहीत आहे.

६ ऑगस्ट, बुधवार
मेलची सोय बंद केली. निर्णय: लायब्ररी काढायची. कारण, आपल्या कामाच्या पद्धतीला अनुकूल नाही. शुक्रवारी साहेबांना चालू प्रोग्रॅम दाखवायचा, स्वच्छ.
काढायची ओळ चिकटवली. कॉम्प्युटरने विचारलं, खरंच काढू? वाय की एन? वाय दाबलं. उमटला ब. पुन्हा दाबलं. पुन्हा ब. तो म्हणतो, हे उत्तर चालत नाही. अर्धा तास आमचं हेच चाललं. घरीही माझ्या होकाराला कोणी विचारत नाही, पण निदान होकार समजतो तरी.
मेव्हणा मागून गेला, जाता जाता दोन बटणं दाबली. कीबोर्ड मराठीवर होता. जेवणाच्या सुट्टीत ही रोजनिशी लिहिली त्याचा परिणाम. हे मला माहीत होतंच. मी फक्त थकलो होतो.

७ ऑगस्ट, गुरुवार
गेली. पण येताना तिने स्वतःला लागणाऱ्या छोट्या लायब्रऱ्यांचा गोतावळा आणला होता. यजमानीण गेली, पाहुणे पाय पसरून तिथेच. एकेकाला काढत बसलो. मेव्हणा म्हणाला, भावोजी, त्यातलं एखादं आपलंही असेल, प्रोग्रॅमला आधीपासून लागणारं. मी म्हणालो, मी बघतो. सगळे काढले. घर धुऊन काढल्यासारखं वाटलं.
प्रोग्रॅम उघडून बघितला नाही. स्वतःवर विश्वास हवा.

८ ऑगस्ट, शुक्रवार
त्यातलं एक आपलं होतं.
साहेब आले, खुर्ची ओढून बसले, प्रोग्रॅम उघडेना. पुन्हा उघडला, पुन्हा नाही. मी वायर तपासली. मेव्हण्याने पाच मिनिटांत सुरू करून दिला, आणि कशामुळे बंद होता ते साहेबांना सांगितलं नाही. यासाठी मी त्याला माफ करू शकत नाही.
मग साहेबांनी विचारलं, मंगळवारी आला तसा लाल निकाल पुन्हा का आला नाही? म्हणजे मेल उघडतात. म्हणाले, स्वतःची चूक सर्वांच्या टेबलावर मांडणारा माणूस या ऑफिसात पहिल्यांदा दिसला, मी तेव्हाच तुमचं नाव ठरवलं होतं.
मी म्हणालो, लायब्ररी काढून टाकली.
का, असं त्यांनी विचारलं. मी अनुकूल हा शब्द वापरला. त्यांनी पडदा स्वतःकडे वळवला. मग माझ्या हिशेबातले रजेचे सगळे आकडे स्वतः वाचले आणि उठून गेले.
फार वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण हे कोणाला सांगता येणार नाही.

११ ऑगस्ट, सोमवार
टीम लीड मेव्हणा झाला.
ही आनंदाने माझ्या सासूबाईंना फोन करत होती. दोनदा माझ्याकडे बघून आवाज कमी केला. ते जास्त लागलं.
ऑफिसात त्याने बाजूला घेऊन सांगितलं, भावोजी, इथे मला सर वगैरे म्हणू नका. मी म्हणणारच नव्हतो. मग खाली बघत पहिलं काम दिलं: लायब्ररी पुन्हा बसवा, आणि वर्षभराच्या अर्ध्या रजा ज्याच्या त्याला परत करा. त्यात त्याच्या स्वतःच्या चार निघाल्या.
बसवली. बसवताना काही विचारत नाही. माझं सगळं पुन्हा लाल. सहज म्हणून काढायची ओळ चिकटवून पाहिली, कीबोर्ड आधी इंग्रजीवर करून. उत्तर आलं, तुम्हाला परवानगी नाही.
काढायचा अधिकार त्याने माझ्याकडून काढून घेतलाय.