मालूचं दूध

४ नोव्हेंबर १९५७
परत तेच! मागच्या खोलीतली मालू दारात आली, आणि माझ्या मांडीवरच्या आनंदबाळाने तिच्याकडे तोंड फिरवलं. तीन महिन्यांचं पोर, पण तिचा आवाज ओळखतं. टायफॉइडने माझं दूध आटलं. ती आपल्या तान्ह्या वेणूला पाजून ह्यालाही पाजते. आळीभर तिचं कौतुक. मी कोण मग?

५ नोव्हेंबर
आजपासून अंगावर पाजणं बंद. मालूने वाटीत काढून द्यायचं, बोंडल्याने मी पाजणार. सासूबाई कुरकुरल्या. कुरकुरू देत. दूध उकळूनच घेते — उकळलं की त्यात तिचं काही उरत नाही.

१२ नोव्हेंबर
बाळाचं पोट फुगतं. शी तुपकट. वजन सहा औंस उतरलं.

१३ नोव्हेंबर
एकटीच डॉक्टरांकडे घेऊन गेले. म्हणाले, "उकळता कशाला? आईच्या दुधात एन्झाइम असतं, एक प्रकारचा पाचकरस. दुधातली चरबी पचायला बाळाला त्याची मदत होते. उकळलंत की संपलं. आणखी काय काय करतं, ते अजून शोधतायत. त्या बाईंना अंगावर पाजू द्या."

म्हणजे मी कोरडी, आणि तिच्या अंगात औषध! घरी सांगितलं, पोटात वारा धरलाय म्हणाले डॉक्टर. खोटं बोलले मी. वाटी पुन्हा चुलीवर ठेवली. माझीच मला लाज वाटते, पण ठेवली.

२० नोव्हेंबर
सात औंस वाढला! उकळलेल्याच दुधावर! डॉक्टरांचा पाचकरस गेला खड्ड्यात. मालूला मुद्दाम सांगितलं, उकळलेलंच मानवतं त्याला. ती म्हणाली, "बरा हाय बाय. पोर वाढला म्हंजे जाला."

२२ नोव्हेंबर
धुणं घेऊन वडाळे तळ्याकडे निघाले. साबण राहिला म्हणून अर्ध्या वाटेवरून फिरले, मागच्या दाराने आले. मालू आनंदाला पदराखाली घेऊन बसलेली. सासूबाई पुढच्या दाराशी, मी येते का बघत. मालू त्याला म्हणत होती, "बेगीन पी रं बाला. तुजी आय येल आता."

रोजचंच असणार हे. त्याला तिच्या पदराखालून ओढून घ्यावं असं वाटलं. त्याचे गाल हलताना दिसले. कुणाला कळू न देता तशीच परत गेले, साबणाशिवाय.

२३ नोव्हेंबर
आज धुणं नव्हतं. तरी तळ्यावर गेले. सकाळी, आणि परत दुपारी.