भीड मोडण्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास

१६ एप्रिल, मंगळवार. सकाळी.

ईदची सुट्टी संपली. आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. संशोधकाने स्वतःच्या मनाचीही नोंद ठेवावी, एवढाच हेतू.

संशोधनाचा विषय विद्यापीठाने मंजूर केला: ‘नोकरदार माणूस साहेबाला “नाही” का म्हणू शकत नाही?’ सुराबायातली ऑफिसं, कारखाने आणि जोडीला छोटे गुंतवणूकदार. आम्हा जावानीज माणसांच्या अंगात भीड इतकी मुरलेली की पायावर कोणी पाय दिला तरी आम्हीच माफी मागणार. मी यातून केव्हाच बाहेर पडलो आहे. त्यामुळे तटस्थपणे लिहू शकेन.

घरगुती नोंद: बायकोची, वुलानची, बदली झाली. समुद्रापार मकास्सरला, शाखाप्रमुख म्हणून. तिची कंपनी जहाजांचे विमे उतरवते. जुलैत रुजू व्हायचंय. लेकीला, किनांतीला, तिकडच्या शाळेत दुसरीत प्रवेश मिळाला. मलाही तिथलं एक कॉलेज घ्यायला तयार आहे. अट एकच, आमच्या डीनचं, म्हणजे सुरोसो सरांचं, ना-हरकत पत्र जून संपायच्या आत. दहा मिनिटांचं काम.

वुलान म्हणाली, “अहो, आजच विचारून टाका.” म्हटलं, तेच ठरवलंय. आज ईदनंतरचा माफीचा कार्यक्रम. सगळा स्टाफ रांगेने सरांचा हात हातात घेऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागतो. सर अशा वेळी खुशीत असतात.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

रांगेत नंबर आला. “काही चुकलंमाकलं असेल तर क्षमा असावी,” म्हणालो. पुढचं वाक्य तोंडातच होतं. पण सरांनी हात सोडलाच नाही. म्हणाले, “हेंदार्तो, अकरा वर्षं झाली तुम्हाला इथे. तुमच्यासारख्या माणसाला आम्ही किती दिवस अडकवून ठेवायचं?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी कदर करणाऱ्या माणसाला सणासुदीला ‘मी जातो’ म्हणून सांगायचं? व्यवस्थापनशास्त्रात योग्य वेळेला फार महत्त्व आहे. सोमवारी बोलतो.

२२ एप्रिल, सोमवार.

सोमवारी कोणाचाच मूड नसतो. यावर भरपूर संशोधन झालेलं आहे. सरांकडे गेलो नाही.

त्याऐवजी बुटांच्या कारखान्यात सर्व्हे केला. मॅनेजर फारच सहकार्य करणारे निघाले. फॉर्म स्वतः वाटले, कामगार भरत असताना स्वतः रांगांमधून फिरले, स्वतः गोळा केले. अर्ध्या तासात काम फत्ते. ‘मी साहेबांशी मतभेद मोकळेपणाने बोलून दाखवतो’ या विधानापुढे सगळ्यांनी ‘पूर्णपणे सहमत’ला टिक केली आहे. झाडून सगळ्यांनी. एकाच निळ्या पेनाने.

निष्कर्ष धक्कादायक आहे. सुराबायात भीड उरलेलीच नाही. वुलानला फॉर्म दाखवले. तिने विचारलं, “पेन कोणाचं होतं?” विषयाबाहेरच्या माणसाला नको ते तपशील दिसतात.

३ मे, शुक्रवार.

गुंतवणूकदारांची पहिली मुलाखत. सलामुन, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची सगळी शिल्लक ज्या फंडात आहे तो गेलं वर्षभर नुसता खाली चाललाय. मग काढून का घेत नाही, विचारलं. म्हणाले, “अहो, एजंट आमच्याच गल्लीतला. दर महिन्याला घरी येतो, हिच्या हातचं रावोनचं कालवण खातो, दोनदा रस्सा वाढून घेतो. अशा माणसाला तोंड वर करून पैसे परत कसे मागायचे?”

मी त्यांना तासभर समजावलं. तारीख ठरवा, एकच वाक्य तयार करा आणि पहिल्या मिनिटाला बोलून मोकळे व्हा. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, “तुम्ही तुमच्या साहेबांशी असंच बोलता?” म्हटलं, अर्थात. एक उदाहरणही दिलं. उदाहरण त्या क्षणी सुचलेलं होतं, पण तत्त्व खरंच आहे.

तेवढ्यात तो एजंट आला. लाघवी गडी. माझ्या संशोधनाबद्दल इतक्या आस्थेने विचारत होता की निघताना मीही त्या फंडाचा एक छोटासा फॉर्म भरून दिला. गुंतवणूकदाराचं मन आतून समजून घ्यायचं तर असं करावंच लागतं.

१४ मे, मंगळवार.

आज सरांनी स्वतःच बोलावलं. चहा मागवला, केळ्याची भजी मागवली. म्हणाले, “ऐकलं, मिसेसची मकास्सरला बदली झाली. तिथला समुद्र फार सुंदर आहे म्हणतात.”

मी तेव्हाच ओळखलं. निष्ठेची परीक्षा. म्हणालो, “मला समुद्र सोसत नाही सर.”

“मासे अगदी ताजे मिळतात तिथे.”

“माशांनी मला पित्त होतं.”

सर थोडा वेळ भज्यांकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, “कुटुंबाने शेवटी एकत्र राहावं हो, हेंदार्तो.” म्हणालो, “सर, ही फॅकल्टी हेच माझं कुटुंब.” सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. गहिवरले होते.

बाहेर आलो तर आमच्याच विभागात शिकवणाऱ्या नुरुल मॅडमनी विचारलं, “सर तुम्हाला काही सुचवत होते का?” म्हटलं, छे, कौतुक करत होते. मॅडमनी समोरच्या फाइलीत डोकं घातलं. थोडी असूया असणारच.

वुलानला सांगितलं की आज विषय निघाला. “मग?” म्हणाली. म्हटलं, वातावरण तयार झालंय. ती म्हणाली, “वातावरणावर सही-शिक्का असतो का?” तिचा स्वभाव हल्ली चिडका झालाय. बदलीचा ताण.

२७ मे, सोमवार.

शास्त्रशुद्ध तयारी सुरू. किनांतीला डीन केलं. ती माझा चष्मा लावून खुर्चीत बसली, पाय जमिनीला पोचत नव्हते. म्हणाली, “बोला हेंदार्तो.”

“सर, खरं म्हणजे…”

“बोला ना.”

सरांच्या तब्येतीची चौकशी केली. मग त्यांच्या नातवाची. मग पार्किंगच्या अडचणीची. किनांती म्हणाली, “बाबा, मी सही करायला बसलेय आणि तुम्ही काही मागतच नाही.” मुलांना धीर नसतो. तरी एकंदरीत तालीम चांगली झाली.

३० मे.

सर जकार्ताला कॉन्फरन्सला गेलेत. आता यात माझा काय दोष?

१० जून, सोमवार.

वुलानने खोकी आणली. घरात सगळीकडे खोकी. जेवायच्या टेबलावर मला माझी ताटली सापडेना. “तुमची पुस्तकं कुठल्या खोक्यात भरू?” तिने विचारलं. म्हटलं, माझी शेवटी भर, लागतात मला. किनांतीने स्वतःच्या खोक्यावर नाव लिहिलं, शेजारच्या रिकाम्या खोक्यावर ‘बाबा’ लिहिलं.

वुलान म्हणाली, “मी जाऊन सरांना भेटू का?” मी स्पष्ट सांगितलं, नाही. “मग दोघं मिळून जाऊ, गुरुवारी.” नाही. “निदान एक मेसेज पाठवा, मी लिहून देते.” नाही म्हणजे नाही. ऑफिसच्या गोष्टींत घरच्यांनी पडू नये. घरात असं रोखठोक बोललेलं बरं असतं, गैरसमज राहत नाहीत.

या आठवड्यात नक्की.

२० जून, गुरुवार.

मोठी घडामोड. शांतपणे लिहितो.

आमचे उपडीन निवृत्त होत आहेत. सरांनी बोलावून दार लावून घेतलं. म्हणाले, “ज्येष्ठतेप्रमाणे आधी तुम्हाला विचारावं लागतं. पण हे चार वर्षांचं लोढणं आहे, हेंदार्तो. मधे सोडता येत नाही, दुसरीकडे जाता येत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मला अजिबात वाईट वाटणार नाही. तुमची घरची परिस्थिती मला माहीत आहे. अगदी मोकळेपणाने नाही म्हणा.” आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिले.

हाताखालच्या माणसाचा इतका विचार करणारा साहेब मी पाहिला नाही. आणि अशा माणसाच्या तोंडावर नाही म्हणायचं? तोंडून आपोआप गेलं, “हो सर.”

तांत्रिकदृष्ट्या आमच्याकडे ‘हो’चा अर्थ ‘तुमचं बोलणं कानावर आलं’ एवढाच असतो. सर ते जाणतात. तरी खुलासा लेखी करीन म्हणतो. मी निघालो तेव्हा सर दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते. आनंद कोणाचा कसा बाहेर पडेल, सांगता येत नाही.

२१ जून.

वुलानला सांगितलं. एक चांगली बातमी आणि एक किरकोळ विलंब, अशा क्रमाने. विलंब किती, विचारलं. चार वर्षं, म्हणालो.

ती कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. गुंडाळत राहिली. शांतपणे घेतलं तिने. समजूतदार आहे.

लेखी खुलासा उद्या लिहितो.

२५ जून.

खुलाशाचे चार मसुदे झाले. चौथ्यात सुरुवातीची कृतज्ञताच दीड पान झाली आहे. मुद्द्यापर्यंत पोचताना जागा कमी पडते.

२८ जून, शुक्रवार.

सकाळी दहाला शपथ. अंगावर बाटिक शर्ट, छातीवर बिल्ला, टाळ्या. हसून गालफडं दुखली.

दुपारी वुलान सरांच्या घरी जाऊन आली. गाव सोडताना वडीलधाऱ्यांचा निरोप घ्यायचा असतो, त्याला मी नाही म्हणू शकत नव्हतो. परत आली ती चपलाही न काढता दारातच उभी राहिली.

म्हणाली, “सर काय म्हणाले सांगू? म्हणाले, वहिनी, मी किती वेळा सुचवलं. समुद्र म्हणालो, मासे म्हणालो, कुटुंब म्हणालो. शेवटी नाही म्हणा, नाही म्हणा, म्हणून गयावया करायचा बाकी राहिलो. त्यांनी पत्र मागितलं असतं तर उभ्या उभ्या सही केली असती. उपडीन मला नुरुलला करायचं होतं. पण अकरा वर्षांच्या माणसाला तुम्ही जा, असं मी कुठल्या तोंडाने सांगू? वाईट दिसतं ते.”

मी खुर्चीत बसलो. आणि मग मला एकदम दिसलं. साहेबालाही भीड असते! दोन्ही बाजूंनी भीड! आजवर कोणी हा विचारच केलेला नाही. पेपरला केवढी कलाटणी. वुलानला हे सगळं भराभर समजावून सांगू लागलो. भीड ही अशी दुहेरी असते, माणूस तिच्यात दोन्हीकडून कसा कोंडला जातो, त्याचा बिचाऱ्याचा इलाजच चालत नाही.

ती म्हणाली, “भीड भीड काय लावलंय? माझ्यापुढे कुठे जाते तुमची भीड? एप्रिलपासून मी विचारतेय. मी बोलते, नाही. दोघं जाऊ, नाही. मेसेज करा, नाही. तोंडावर नाही म्हणालात मला, दर वेळी. एकदा तरी जीभ अडखळली का?”

आठवून पाहिलं. एकदाही अडखळली नव्हती.

तिने चपला काढल्या आणि आत जाऊन भात लावला.

१ जुलै.

मकास्सरच्या कॉलेजची मुदत काल संपली. त्यांना आभाराचं पत्र पाठवलं, दीड पानाचं.

नव्या केबिनला खिडकी नाही. नुरुल मॅडम फाइली समजावून द्यायला आल्या होत्या. फार सौजन्याने बोलल्या. सरही येऊन गेले. “काही अडचण?” म्हणाले. “काही नाही सर,” म्हणालो. “मलाही काही नाही,” सर म्हणाले. मग दोघंही थोडा वेळ हसत उभे राहिलो. कोणी आधी निघायचं ते ठरेना.

घरातली सगळी खोकी जहाजाने गेली. ‘बाबा’ लिहिलेलं खोकंही गेलं. त्यात शेवटी पातेली भरली म्हणे.

६ जुलै, शनिवार. विमानतळ.

सकाळी वुलानने सगळं ठरवून दिलं होतं. गॅसवाल्याचा नंबर, झाडांना पाणी, इस्त्रीवाला. भांडली असती तर बरं वाटलं असतं. मला मनापासून वाटत होतं की हिचा हात धरावा आणि म्हणावं, चुकलं माझं, मी येतो, पुढचं पुढे. वाक्य तयार होतं. एकच वाक्य. पण रांग पुढे सरकत होती, मागच्या लोकांचा खोळंबा झाला असता.

किनांती आत जाता जाता परत पळत आली. म्हणाली, “बाबा, तुम्ही पुढच्या शनिवारी येणार ना? नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. मला चालेल. मी रडणार नाही.”

मी म्हणालो, “हो.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आईकडे गेली, तिचा हात धरला आणि सांगितलं, “आई, बाबा नाही येणार.”

विमान वेळेवर सुटलं.