पाकल्यांचा पासपोर्ट

बाबा, मागच्या आठवड्यात मी तुम्हाला पोर्तुगीज केलं. आधी तेवढं सांगून टाकते, मग काय ओरडायचं ते ओरडा.

तुमच्या नातीला बारावीनंतर इंग्लंडला शिकायचंय, तिथंच नोकरीही करायचीय. तेलाचा भाव पडल्यापासून ह्यांच्या कंपनीत रोज कोणाला तरी घरी पाठवतात. आमचंही मस्कतमधलं अन्नपाणी किती दिवसांचं, देव जाणे! आणि आमच्या घरात युरोपचं दार उघडायचं ते फक्त तुमच्या नावानं, कारण तुम्ही पेडण्यात जन्मलात, पोर्तुगिजांच्या राज्यात. हे जन्मले खाडीपलीकडे, सावंतवाडीच्या बाजूला, म्हणून ह्यांचं तिथं काही चालत नाही. "तुझ्या पणजोबांनी होडी जरा अलीकडे लावली असती तर!" असं मी लेकीला ह्यांच्यादेखत म्हणते आणि हे पेपर तोंडासमोर धरतात. नियम असा की आधी तुमची जन्मनोंद लिस्बनला लागायची (गेलेल्या माणसाचीही लागते म्हणे), मग माझी, मग तिची. आणि माझी लागून तो पासपोर्ट हातात आला की आपला भारताचा परत करायचा.

सगळं ठरत आलं होतं, तेवढ्यात इंग्लंडनं मत देऊन टाकलं, युरोपच्या संघातून बाहेर पडायचं. मी रुवीच्या ऑफिसात कपाळाला हात लावून बसले. आमची कंपनी तिकडून बिस्किटं आणि चहा आणते, त्यामुळे आमचे अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, खुशीत. "पौंड गिरा, बिस्किट सस्ता, खलास! तुम क्यों रोता है?" मी कारण सांगितलं तसे गंभीर झाले. म्हणाले, आज स्वस्त, पण उद्या यांनी चारी बाजूंनी नाकी उभी केली तर माल बंदरात पडून राहील. माणसांचंही तेच होईल, तू लवकर कर, यल्ला. घरीही तीच चर्चा. हे म्हणतात, ते खरोखर बाहेर पडेपर्यंत दार उघडं आहे, पोरगी आत जाऊ दे. मी म्हणते, आत गेल्यावर बाहेर काढली तर? आणि मी? मला माझ्याच पेडण्याला जायला व्हिसा मागावा लागेल, त्याचं काय? लेक मध्येच तिच्या अडखळत्या मराठीत विचारते, "आई, म्हणजे आजोबा टेक्निकली युरोपियन होते?" तुम्ही असतात तर तिला बदडलं असतंत. मी हसले, आणि मग चांगलंच रडू आलं.

कारण मला इथलंच, वादी अदाईच्या आपल्या जुन्या घरातलं स्वयंपाकघर आठवलं. गणपतीची चवथ जवळ आलीय, तुम्ही सुट्टी टाकलीय, आणि बनियनवर उभे राहून नेवऱ्या, आपल्या करंज्या, तळताय. आईला झारा हातात घेऊ देत नाही. लेकीच्या सासरी चवथीला फराळाची पाटी पाठवायची, आपल्याकडे तिला ओझं म्हणतात, आणि आत्याचं ओझं तुम्ही दरवर्षी मस्कतहून न्यायचात. त्या दिवशी तुमचे ते मडगावचे मित्र आले होते, पोर्तुगालचे कागद करून घे म्हणून मागे लागले होते. मी शाळेतून आलेली, दप्तरही खाली ठेवलं नव्हतं, म्हटलं, "घ्या ना बाबा, आपण लिस्बन बघू!" तुम्ही झारा आपटलात, पोर्तुगिजांना तुम्ही पाकलेच म्हणायचात. "पाकल्यांचो पासपोर्ट? तेच्यापेक्षा हय वादीत शेळ्यो राखीन!" तेलाचे शिंतोडे तुमच्याच हातावर उडाले, तरी तुम्ही बोलतच राहिलात. आजीनं भरलेली पाटी, भारतानं गोव्याची नाकेबंदी केली ते दिवस, पलीकडचे कांदेबटाटे बंद, अलीकडची माणसं बंद, परवाना मिळेना. आत्या लग्न होऊन समोरच्या काठाला गेलेली, पहिलीच चवथ. तुम्ही पाटी घेऊन होडीत बसलात आणि पाकल्या पोलिसानं धरलं. त्यानं थोबाडीत दिली त्याचं तुम्हाला काही नव्हतं. त्यानं पाटी चिखलात पालथी केली, आणि पलीकडे आत्या उभी राहून बघत होती, ते तुम्हाला मरेपर्यंत पचलं नाही.

एका वर्षी तुम्ही मलाही नेलंत. खाडी आली, तुम्ही पाटी डोक्यावर घेतलीत, सरळ फेरीबोटीत चढलात, आणि पलीकडे उतरताना माझ्याकडे वळून म्हणालात, "बघ, कोणाक इचारूचा नाय हां!" एवढे खूश मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. आत्या दारात उभी, तुम्ही अंगणातूनच हाका मारताय, आणि मला वाटतंय, आपले बाबा केवढे मोठे! ते दिवस परत मिळाले तर मी काय वाट्टेल ते देईन, खरंच सांगते.

तरी तुमच्या नोंदीच्या अर्जावर सही केली. पोरीसाठी केली. इंग्लंडवाले आज दार लावायच्या गोष्टी करतात, उद्या आणखी कोणी करील, माझ्या मुलीला कुठल्या तरी एका काठावर अडकलेली मला बघायची नाहीये. माझ्या स्वतःच्या अर्जावरची सही अजून व्हायचीय, ती कदाचित वर्षानं. तुमची नोंद मात्र झाली, वडिलांचं नाव, आईचं नाव, गाव पेडणे, सगळं त्यांच्या भाषेत.

लेकीनं परवा विचारलं, "आजोबा चिडले असते?" मी म्हटलं, "चिडले असते, पण नातीसाठी ऐकलं असतं." तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं. तुम्ही मुळीच ऐकलं नसतं. आणि तुमच्यासमोर माझी ब्र काढायची हिंमत झाली नसती. हे पत्र मी ह्यांनाही दाखवणार नाही, तुम्हाला एकदा वाचून दाखवलं की फाडून टाकीन. तुम्ही गेल्यापासून एक दिवस असा नाही की तुम्ही हवे होतात असं वाटलं नाही. सही केली त्या दिवशी मात्र, बाबा, तुम्ही नाही आहात याचं मला बरं वाटलं.